पत्त्यावर आढळला नाही

उत्तेजक द्रव्य घेतल्याचा पुरावा नसताना, किंबहुना तसा आरोपसुद्धा नसताना, एखाद्या खेळाडूवर दोन वर्षांची बंदी येऊ शकते, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. त्यासाठी एवढेच पुरते की बारा महिन्यांत तीन वेळा तो स्वतः कळवलेल्या ठिकाणी सापडला नाही, किंवा आपण कुठे असणार हे त्याने वेळेवर कळवलेच नाही. मे २०२४ मध्ये आपल्या देशाला याचा चटका बसला. मुष्टियोद्धा परवीन हुडा हिने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदकाबरोबरच ५७ किलो वजनगटातली पॅरिस ऑलिंपिकची जागा देशासाठी मिळवली होती. २०२२-२३ मध्ये ठावठिकाण्याविषयीच्या तीन चुका झाल्याबद्दल इंटरनॅशनल टेस्टिंग एजन्सीने तिच्यावर बावीस महिन्यांची बंदी घातली आणि ती जागा गेली. पॅरिसच्या उद्घाटनाला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने उरले होते. पुढे बँकॉकच्या पात्रता स्पर्धेत जास्मिन लंबोरिया हिने त्याच वजनगटातली जागा पुन्हा जिंकून आणली, म्हणून देशाची अब्रू राहिली. पण गेलेली जागा परत मिळाल्यामुळे ती मुळात का गेली हा प्रश्न फाईलबंद झाला, आणि मला त्याच प्रश्नावर लिहायचे आहे.

अशा बातमीवर आपल्याकडे ठरलेल्या दोन प्रतिक्रिया उमटतात. एक अशी की परदेशात बसलेल्या कुठल्याशा संस्थेने आपल्या गरीब घरच्या मुलीला एका फॉर्मपायी छळले. दुसरी अशी की एवढे साधे काम जिला जमत नाही तिचा निष्काळजीपणा तिला भोवला, त्यात आम्ही काय करणार. पहिली प्रतिक्रिया चौकात ऐकू येते, दुसरी कार्यालयांत. मला दोन्ही मान्य नाहीत, आणि दुसरी अधिक अमान्य आहे, कारण ती मी ज्या व्यवस्थेत आयुष्य घालवले तिच्या तोंडची आहे.

आधी नियमाविषयी. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे वाडा, आणि आपली राष्ट्रीय संस्था म्हणजे नाडा (मराठी कानाला ही दोन्ही नावे गमतीची वाटतात, त्याला इलाज नाही). वरच्या दर्जाच्या निवडक खेळाडूंचा एक नोंदणीकृत चाचणी गट असतो. त्यातल्या प्रत्येकाने दर तिमाहीपूर्वी आपला पुढील तीन महिन्यांचा तपशील अ‍ॅडॅम्स या संगणकीय प्रणालीवर भरायचा: रात्री मुक्काम कुठे, सराव कुठे, स्पर्धा कुठे. शिवाय पहाटे पाच ते रात्री अकरा या वेळातला दररोजचा एक तास असा नेमून द्यायचा की त्या तासात नमुना घेणारा अधिकारी आला तर आपण हमखास भेटू. बेत बदलला तर नोंद बदलायची. २००९ च्या संहितेने हा एक तासाचा नियम जगभर सारखा केला. तेव्हा अठरा महिन्यांत तीन चुका मोजत असत, २०१५ पासून बारा महिन्यांत मोजतात. शिक्षा दोन वर्षे, दोष कमी आढळला तर एक वर्षापर्यंत खाली येणारी.

नियम जाचक आहे यात शंका नाही. पण त्याला पर्याय नाही. स्पर्धेच्या दिवशीच्या चाचणीत सापडतो तो बेसावध माणूस. सराईत माणूस औषध घेतो ते सरावाच्या महिन्यांत. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ अगदी लहान मात्रेत घेतले तर काही तासांतच त्याचा माग पुसट होऊ लागतो. म्हणून न सांगता दारात जाऊन उभे राहणे, एवढाच खरा उपाय उरतो, आणि दार कुठले ते ठाऊक नसेल तर तोही उपाय नाही. डेन्मार्कचा सायकलपटू मायकेल रासमुसेन २००७ च्या तूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी अंगावर असताना त्याच्याच संघाने घरी पाठवला, कारण त्याने आपण मेक्सिकोत असल्याचे कळवले होते आणि तो इटलीत होता. पुढे २०१३ मध्ये त्याने अनेक वर्षे उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. केनियाचा विल्सन किपसांग, एके काळचा मॅरेथॉनचा विश्वविक्रमवीर, रस्त्यात अपघातामुळे अडकलो म्हणून चाचणी चुकली असे सांगत उलटलेल्या ट्रकचे छायाचित्र घेऊन आला. ते छायाचित्र चुकलेल्या चाचणीच्या तारखेनंतर झालेल्या अपघाताचे निघाले, आणि २०२० मध्ये त्याला चार वर्षांची बंदी झाली. २०२३ सालच्या वाडाच्या आकडेवारीप्रमाणे भारतात घेतलेल्या ५६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के नमुने सदोष निघाले, आणि हे प्रमाण एवढ्या मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत सर्वांत वाईट होते. अशा देशाने ठावठिकाण्याचा नियम सैल करा म्हणून ओरडणे शोभत नाही.

आणि आम्हा सरकारी नोकरांना हा नियम अपरिचित नसावा. मुख्यालय सोडताना परवानगी घ्यावी लागते, सुटीच्या दिवशीसुद्धा. रजेच्या अर्जात रजाकाळातला पत्ता लिहावा लागतो. फरक इतकाच, की आमचा पत्ता कुणी तपासायला येत नाही.

तर मग तक्रार कशाविषयी? तक्रार ही की हा नियम एका विशिष्ट प्रकारचा समाज गृहीत धरून लिहिलेला आहे. त्या समाजात घराला क्रमांक असतो, रस्त्याला नाव असते, सरावाचे वेळापत्रक तीन महिने आधी ठरते आणि ठरल्यासारखे पाळले जाते, आणि खेळाडू स्वतःची टपाले स्वतः वाचतो. खुद्द त्या समाजातसुद्धा गोष्टी नेहमी अशा घडत नाहीत. ब्रिटनची ४०० मीटर धावपटू क्रिस्टीन ओहुरुगू हिला २००६ मध्ये तीन चुकलेल्या चाचण्यांबद्दल एक वर्षाची बंदी झाली. त्यातली एक चुकली ती नेहमीचे मैदान शाळेच्या क्रीडामहोत्सवाला दिल्यामुळे सराव दुसरीकडे हलवला म्हणून. बंदी संपल्यावर महिन्याच्या आत ती ओसाकाला विश्वविजेती झाली आणि २००८ मध्ये ऑलिंपिक विजेती. बहरीनच्या सल्वा ईद नासेरच्या प्रकरणात तर तपासनीस तासभर चुकीच्या दारावर थापा मारत राहिला, ते दार कोठीच्या खोलीचे होते. पहिल्या न्यायाधिकरणाने तिला सोडले, क्रीडा लवाद न्यायालयाने जून २०२१ मध्ये पुन्हा दोन वर्षांची बंदी घातली. अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन, शंभर मीटरचा विश्वविजेता, ९ डिसेंबर २०१९ च्या संध्याकाळी घरापासून काही मिनिटांवरच्या वॉलमार्टमध्ये खरेदी करत होता, आणि अधिकारी तासभर दारात उभे होते. त्याला कुणी फोन केला नाही. नियमाने फोन करणे बंधनकारक नाही, पण केला असता तर तो तासाच्या आत परतू शकला असता असे लवादाने म्हटले, बंदी दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणली, तरी टोकियो त्याच्या हातून गेलेच.

या निवाड्यांतून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की प्रत्येक ठिकाणी वाद औषधाचा नसून बजावणीचा होता. अधिकारी खरोखर गेला का, बरोबर दारावर गेला का, त्याने किती वेळ वाट पाहिली, आजूबाजूला विचारले का. ब्रिटनची सायकलपटू लिझी आर्मिटस्टेड हिची पहिली चूक २०१६ मध्ये लवादाने रद्द केली ती याच कारणाने: स्वीडनमधल्या हॉटेलात तिला शोधण्याचा पुरेसा प्रयत्न झाला नव्हता.

ज्याने तालुक्यात काम केले आहे त्याला हे प्रश्न पाठ असतात. समन्सची बजावणी करणाऱ्या बेलिफाचा 'घर बंद आढळले' हा शेरा किती खरा आणि किती सोयीचा असतो, हे आपल्या न्यायव्यवस्थेला फार पूर्वी कळलेले आहे. म्हणूनच १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स दारावर चिकटवण्याआधी वाजवी शोध घेण्याची अट आहे, घर कुणी ओळखवून दिले त्याचे नाव लिहिण्याची अट आहे, आणि बेलिफाच्या अहवालाला शपथेचा आधार नसेल तर न्यायालयाने त्याला शपथेवर विचारावे अशी तरतूद आहे. ज्या देशात 'मारुतीच्या देवळामागे, पिंपळाजवळ' हा पूर्ण पत्ता समजला जातो आणि पोस्टमन त्यावर पत्र पोहोचवतोही, त्या देशाला ही सावधगिरी सुचली यात नवल नाही. हरियाणातल्या गावातली पैलवान मुलगी अ‍ॅडॅम्सच्या रकान्यात घराचा क्रमांक काय लिहिणार? गावाचे नाव आणि वडिलांचे नाव. परक्या शहरातून आलेल्या माणसाने पहाटे सहाला तिथे पोहोचून कुणाच्या फाटकावर थाप मारायची?

घर सोडून दूर राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. दिल्ली, बंगळूर, कोलकाता किंवा त्याही पलीकडे बदलीने वा नोकरीने गेलेल्या माणसाला एका पत्त्याच्या बदलापायी बँक, गॅस, मतदारयादी आणि आधार यांच्या किती खिडक्या पालथ्या घालाव्या लागतात! ते आपण वर्षा-दोन वर्षांतून एकदा करतो. राष्ट्रीय शिबिरातल्या खेळाडूचा पत्ता वर्षात अनेकदा बदलतो: पतियाळा, बंगळूर, पुण्याची सैन्यदल क्रीडा संस्था, मध्येच परदेशी सराव, मध्येच घरी चार दिवस. बदल ठरवतो महासंघ, मंजूर करते क्रीडा प्राधिकरण, तिकीट काढते कार्यालय, आणि बदल नोंदवण्याची जबाबदारी मात्र एकट्या खेळाडूची.

येथे माझा मुख्य आक्षेप आहे. आपल्या बहुतेक आघाडीच्या ऑलिंपिक खेळाडूंचा ठावठिकाणा शासनाला आधीच माहीत असतो. ते रेल्वेत, सैन्यदलांत, पोलिसांत किंवा सार्वजनिक उपक्रमांत नोकरीला असतात. त्यांची हजेरी, रजा आणि प्रवासभत्ता यांच्या नोंदी नियोक्त्याकडे असतात. शिबिरातली खोली, जेवण आणि सराव यांच्या नोंदी क्रीडा प्राधिकरणाकडे असतात. दौऱ्याचे आदेश महासंघाकडे असतात. तीन सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या नोंदवह्यांत जी माहिती आहे, ती चौथ्या ठिकाणी इंग्रजीत टंकित करण्याचे काम आपण अठरा-वीस वर्षांच्या मुलीवर सोपवतो, आणि ते चुकले की म्हणतो, नियमाप्रमाणे अंतिम जबाबदारी खेळाडूची आहे. होय, नियमाप्रमाणे आहे. माहिती भरण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवता येते, दोष सोपवता येत नाही, असे संहिता स्पष्ट सांगते. पण खेळाडूची जबाबदारी अंतिम आहे याचा अर्थ मधल्या कुणाचीच जबाबदारी नाही असा कोणी लावला? संहितेने नव्हे. तो आमच्या कार्यालयांनी लावलेला सोयीचा अर्थ आहे.

क्रिकेटचे उदाहरण या ठिकाणी अटळ आहे. ऑगस्ट २००९ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने हा ठावठिकाण्याचा नियम सरळ नाकारला. कारणे दोन: खेळाडूंची सुरक्षितता आणि राज्यघटनेने दिलेले खासगीपण. त्याच वर्षी राफेल नदाल आणि अँडी मरे यांनीही या नियमावर कडक टीका केली होती, पण टीका करून त्यांनी तो पाळला. आपले मंडळ दहा वर्षे अडून बसले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नाडाच्या कक्षेत आले. खासगीपणाचा मुद्दा खोटा नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत अधिकार ठरवला. पण त्याच निकालाने वाजवी आणि प्रमाणशीर बंधनांना जागाही ठेवली. आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्सच्या खेळाडूंचा हाच आक्षेप ऐकून फेटाळला. शिवाय खासगीपणाचा अधिकार क्रिकेटपटूला आहे आणि भारोत्तोलकाला नाही असे घटनेत कुठे लिहिलेले नाही.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. जून २०२० मध्ये नाडाने पुजारा, जडेजा, राहुल, आमच्या सांगलीची स्मृती मानधना आणि दीप्ती शर्मा या पाच जणांना ठावठिकाणा न भरल्याबद्दल नोटिसा दिल्या. देश टाळेबंदीत होता. सगळेच घरी होते. तरी पत्ता भरला गेला नाही. माहिती भरण्याचे काम मंडळाने स्वतःकडे घेतले होते, आणि मंडळाने खुलासा दिला की प्रणालीच्या पासवर्डची अडचण आली. एका चुकीने बंदी येत नाही, तेव्हा यात कुणाला अन्यायाने सोडले असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते इतकेच की त्या पाच खेळाडूंच्या वतीने खुलासा लिहायला एक कार्यालय होते. मुष्टियोद्धा, धावपटू, पैलवान यांच्या वतीने पासवर्डची अडचण कोण कळवतो?

(बजरंग पुनियाचे प्रकरण यात मिसळू नये. त्याला नोव्हेंबर २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी झाली ती समोर आलेल्या अधिकाऱ्याला नमुना न दिल्याबद्दल. तो वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा मानला जातो.)

नाडा स्वतः या बाबतीत काय करत होती, हे जुलै २०२३ मध्ये वाडाने प्रसिद्ध केलेल्या चौकशीच्या निष्कर्षांत दिसले. चाचण्या अपुऱ्या आणि ठावठिकाण्यावरची देखरेख ढिली, असा ठपका होता. चौकशीच्या ओघात नोंदणीकृत गटातल्या सत्तर खेळाडूंच्या मिळून ९७ चुका नोंदवल्या गेल्या. सत्तर खेळाडू! एखाददुसरा चुकला तर निष्काळजीपणा म्हणता येईल. एखाद्या तालुक्यातल्या सत्तर शेतकऱ्यांचे एकच कागदपत्र अपुरे निघाले तर कोणताही शहाणा जिल्हाधिकारी शेतकऱ्यांना बोलावणार नाही. तो तलाठ्याला आणि तहसीलदाराला बोलावेल.

नियम असाही आहे की पहिल्या चुकलेल्या चाचणीची नोटीस खेळाडूला पोहोचल्याखेरीज पुढची चाचणी चुकली असे त्याच्याविरुद्ध मोजता येत नाही. म्हणजे खेळाडूला सावरायला संधी आहे. दोन इशारे मिळाल्यावरच तिसरी वेळ येते. ही तरतूद उदार आहे, पण ती ज्याला इशारा वाचता येतो त्याच्यासाठी. ईमेलवर आलेले चार पानी इंग्रजी पत्र, त्यात कलमांचे क्रमांक, आणि उत्तराची मुदत. खेड्यातून आलेली मुलगी ते प्रशिक्षकाला दाखवते, प्रशिक्षक म्हणतो बघू, आणि मुदत उलटते. पहिल्या इशाऱ्यानंतर तिला समोर बसवून, तिच्या भाषेत, हे काय आहे आणि आणखी दोनदा घडले तर काय होईल हे समजावून सांगितल्याची सही घेणे, यापेक्षा स्वस्त उपाय प्रशासनात मला दुसरा ठाऊक नाही. मुष्टियुद्ध महासंघाची खेळाडू इस्तंबूलला जागतिक कांस्य आणि अम्मानला आशियाई सुवर्ण जिंकते, देशाच्या जर्सीत वावरते, आणि तिच्या नावावर एकामागून एक तीन चुका साठतात. या मधल्या महिन्यांत ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून तिचे दौऱ्याचे आदेश गेले, त्यांपैकी एकाच्याही सेवापुस्तकात एक ओळ लिहिली गेली असेल तर मला आनंद होईल.

उपायासाठी कायदा बदलायला नको. २०२२ च्या कायद्याने नाडाला वैधानिक पाया दिलेला आहे. २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांना मान्यता देण्याचे आणि काढून घेण्याचे अधिकार राष्ट्रीय क्रीडा मंडळाला दिले आहेत. क्रीडा मंत्रालयाने दोन पानी आदेश काढावा: शिबिराचे किंवा दौऱ्याचे ठिकाण बदलणारा कोणताही आदेश, संबंधित खेळाडूंची अ‍ॅडॅम्सवरची नोंद बदलल्याचा दाखला सोबत असल्याशिवाय अमलात येणार नाही आणि त्यावर पैसे मंजूर होणार नाहीत. हा दाखला देणारा अधिकारी महासंघात नावानिशी नेमलेला असेल. खेळाडूची चूक नोंदली गेली की त्या अधिकाऱ्याचा खुलासा मागवला जाईल, आणि महासंघाच्या मान्यतेच्या वेळी अशा चुकांची संख्या विचारात घेतली जाईल. खेळाडूची अंतिम जबाबदारी यात तसूभर कमी होत नाही. जो लपू पाहतो त्याला लपायला यातून मदतही होत नाही, उलट त्याची एक सबब कमी होते. तपासनिसांच्या बाबतीत, हात हलवत परतलेल्या प्रत्येक भेटीच्या अहवालासोबत त्या दाराचे वेळ आणि स्थळ दाखवणारे छायाचित्र असावे. बेलिफाकडून आपण शंभर वर्षांपूर्वी जे मागितले त्यापेक्षा हे फार नाही.

याला दोन आक्षेप येतील. पहिला, यामुळे खेळाडू परावलंबी होतील. ज्याच्या झोपण्या-उठण्यापासून आहारापर्यंत सर्व गोष्टी शिबिर ठरवते, त्याला नेमके पत्ता भरण्याच्या कामात स्वावलंबन शिकवण्याचा हा आग्रह मला विनोदी वाटतो. दुसरा आक्षेप महासंघांचा असेल: आमच्याकडे एवढा कर्मचारीवर्ग नाही. नोंदणीकृत चाचणी गटात एका खेळाचे मूठभर खेळाडू असतात. त्यांचे पत्ते सांभाळायला रोज अर्धा तास देणारा एक कारकून लागेल, आणि परदेश दौऱ्यावर संघासोबत जाणाऱ्या पदाधिकाऱ्यांपैकी एकाचे विमानभाडे वाचवले तर त्याचा बराचसा पगार निघेल.